बीडच्या टँकरमधलं पाणी नेमकं किती जुनं?

उन्हाळा तापला की आष्टी-पाटोद्याकडच्या गावांत टँकरची वाट बघणं नवीन नाही. समजा, दहा हजार लिटरचा टँकर आला. पाण्यात वजनाने नववा हिस्सा हायड्रोजन असतो, म्हणजे टँकरमध्ये साधारण ११०० किलो. या हायड्रोजनची जवळजवळ सगळी अणुकेंद्रं विश्वाच्या पहिल्या सेकंदातलीच. वय सुमारे १३८० कोटी वर्षं! ऑक्सिजन मात्र नंतरचा. तो ताऱ्यांच्या पोटात तयार झाला.

हे कळलं कसं? १९२९ मध्ये एडविन हबल यांनी दाखवलं, की जितकी दीर्घिका लांब, तितकी ती वेगाने दूर जाते. काळ उलटा फिरवला तर सगळं जवळ, दाट आणि प्रचंड तापलेलं. यालाच महास्फोट म्हणतात, पण शब्द फसवा आहे. सुतळी बॉम्बसारखं एका जागी काही फुटलं नाही; अवकाशच ताणलं गेलं आणि अजून ताणलं जातंय. मग स्फोट कुठे झाला? सगळीकडे. बीडमध्येही.

पहिल्या काही मिनिटांत थोडा हायड्रोजन जुळून हेलियम झाला, वजनाने सुमारे पाव हिस्सा. थोडा जड हायड्रोजनही उरला. तारे तो बनवून साठवत नाहीत, जाळून टाकतात. तरी साध्या पाण्यात साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक जड सापडतोच. पुढे ३ लाख ८० हजार वर्षांनी अणू बनले आणि प्रकाश मोकळा झाला. त्याचीच थंडावलेली धग, उणे २७० अंश सेल्सिअसची, पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनाने पकडली. १९६५ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला.

गंमत म्हणजे ‘बिग बँग’ हे नाव दिलं ते सिद्धांत न पटलेल्या फ्रेड हॉइल यांनी, १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर. त्यांचे विद्यार्थी म्हणजे आपले कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. विश्वाला एकच सुरुवात असावी, हे नारळीकरांनाही पटत नव्हतं. १९९३ मध्ये त्यांनी हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत पर्यायी सिद्धांत मांडला. पण त्या थंड धगीतले बारीक चढउतार महास्फोटाच्या गणिताशी इतके नेमके जुळतात, की बहुतेक शास्त्रज्ञ तिकडेच राहिले. त्यामुळे ‘नारळीकरांनी बिग बँग खोटा ठरवला’ असं कुणी सांगितलं, तर ते चूक. त्यांनी शंका घेतली, गणितासकट घेतली. अगदी पहिल्या क्षणी काय घडलं, हा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंच्या लोकांना आजही छळतो.