सतरा दिवसांचे अंतर

आदिवासींविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले ते कोणी लिहिले आणि त्यातून आदिवासी माणूस कसा दिसला, हा प्रश्न दलित विचाराच्या अभ्यासकाने टाळता कामा नये. कारण दुसऱ्याच्या लेखणीखाली येणे म्हणजे काय, हे आपण भोगले आहे. १९३८ साली रॉबर्टसन या मिशनऱ्याचे महारांवरील इंग्रजी पुस्तक निघाले. त्यात आपले आजोबा-पणजोबा होते. पण ते बोलत नव्हते, त्यांच्याविषयी बोलले जात होते.

वारल्यांचेही तेच झाले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या डहाणू, उंबरगाव भागातील वारली जमिनीचे मूळ कसणारे. इंग्रजी अमलात जमीन सावकार-जमीनदारांकडे गेली, जंगल सरकारकडे गेले आणि वारल्याकडे वेठ उरली. जमीनदार सांगेल तेव्हा, सांगेल ते काम, फुकट. त्याहून वाईट लग्नगडी. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराच्या घरी राबत. कर्ज फिटत नसे, कारण ते फिटावे असा हिशोबच नव्हता.

हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील आदिवासींची पाहणी केली. १९३९ साली त्याचा अहवाल आला. वेठ, कर्ज, मारहाण हे सारे त्यात आहे. अहवाल कपाटात गेला, वेठ चालूच राहिली. १९४३ साली डॉ. घुर्ये यांचे पुस्तक आले. आदिवासी म्हणजे ‘मागासलेले हिंदू’ हा त्यांचा सिद्धान्त. दुसऱ्या बाजूला व्हेरियर एल्विन आदिवासींना बाहेरच्यांपासून जपावे असे सांगत होते. हा वाद विद्वानांत गाजला. परंतु ज्यांच्या भवितव्याचा हा वाद, त्यांचे मत कोणी विचारले? १९४५ साली के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ हा ग्रंथ निघाला. आणि त्याच साली खुद्द वारली उठले!

१९४५च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातील काही वारली तेथे गेले, त्यांत माह्या धांगडा होता. पुढे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या भागात आले. २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले. त्यांनी ठरवले : वेठ करायची नाही, रोज बारा आणे रोख मजुरी मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या खासगी जमिनीवर राबायचे नाही, मारहाण झाली तर एकजुटीने प्रतिकार करायचा. अहवालाने जे सहा वर्षांत झाले नाही, ते माणसांनी आपल्या तोंडाने ‘नाही’ म्हटल्याने सुरू झाले. गवतकापणीच्या मजुरीचा लढा पेटला तेव्हा ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण ठार झाले. त्यांत जेठ्या गांगड होता.

आता अवघड गोष्ट. ती लिहिताना हात अडखळतो, पण लिहिली पाहिजे. झरीच्या सभेच्या सतरा दिवस आधी, ६ मे १९४५ रोजी, मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी जातीय प्रश्नावरील आपली योजना मांडली. तीत आदिवासींचा समावेश त्यांनी केला नाही. आदिवासींना अजून राजकीय जाण आलेली नाही, ते दुसऱ्याच्या हातचे साधन होतील, असे कारण त्यांनी दिले. याच बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलना’त आदिवासींना त्या अवस्थेत ठेवल्याबद्दल हिंदू समाजाला जाब विचारला होता. पुढे घटनेत आदिवासींना राखीव जागा मिळाल्या, पाचवी अनुसूची आली. त्या घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच होते. म्हणजे त्यांच्या कळकळीविषयी शंका नाही. मग हे वाक्य कसे आले?

माझ्या मते, त्या काळी आदिवासींविषयीचे छापील ज्ञान बव्हंशी अधिकाऱ्यांचे आणि पंडितांचे होते. त्या ज्ञानात आदिवासी उपाशी होता, भोळा होता, नाचत होता. विचार करणारा मात्र क्वचितच. झरी अजून घडायची होती. बाबासाहेबांसारखा प्रज्ञावंतही उपलब्ध ज्ञानाच्या मर्यादेत सापडतो, हाच या सतरा दिवसांचा धडा आहे. बाबासाहेबांनी आपल्याला चिकित्सा शिकवली. ती त्यांच्या वाक्यापाशी येऊन थांबत असेल तर तो त्यांचा वारसा नव्हे, भक्ती झाली.

चिकित्सा डाव्यांचीही करावी. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली आले, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाचे ऋण मोठे आहे. तरी त्याचे नाव वाचताना मनात येते : हा माणूस झोपला होता काय? माह्या धांगडा टिटवाळ्याला गेला तो झोपेत गेला नव्हता.

आणखी एक दुवा आपण विसरलो. शामराव परुळेकर हे स्वतंत्र मजूर पक्षात बाबासाहेबांबरोबर काम केलेले. १९३८च्या जानेवारीत खोतीविरुद्ध जो शेतकरी मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला, त्या लढ्याचा एक धागा वारल्यांच्या पाड्यापर्यंत पोचतो. माझे आजोबा वतनापायी वेठ करीत. आमच्या घरात तो शब्द शिवीसारखा उच्चारला जाई. महारवाड्यातील वेठ आणि वारल्याची वेठ यांचा इतिहास वेगळा, भाषा वेगळी. पण पाठीवरचे ओझे ओळखीचे आहे.

आज गोविंद गारे यांचे संशोधन, वाहरू सोनवणे आणि भुजंग मेश्राम यांची कविता आपल्यापुढे आहे. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला हे २००६च्या वनहक्क कायद्याने कबूल केले. तरीही २०१८च्या मार्चमध्ये, वनजमिनीच्या हक्कासाठी आदिवासी शेतकऱ्यांना नाशिकहून मुंबईपर्यंत फोड आलेल्या पायांनी चालावे लागले. कबुली कागदावर, पाय रस्त्यावर! सिमिंग्टनच्या अहवालाची आठवण येते ती उगाच नाही.

म्हणून आपल्या नियतकालिकांनी, आपल्या महाविद्यालयांतील अभ्यासकांनी स्वतःला विचारावे : आपण आदिवासींविषयी लिहितो तेव्हा रॉबर्टसनच्या खुर्चीत तर बसत नाही ना? त्यांना राजकीय जाण आहे की नाही हे ठरवणारे आपण कोण? त्याचे उत्तर २३ मे १९४५ रोजी झरीला दिले गेले आहे. आपण ते उशिरा वाचतो आहोत, एवढेच.