ताईची शाळा

या वेळी रिलीज वेळेवर आटोपलं (नवलच!) आणि पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून थेट गोंदिया गाठलं. ताईने भाचीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलंय. घरात पोवारी, बाजारात हिंदी, पुस्तकात मराठी. सात वर्षांची पोर गोष्टी रंगवून सांगते, पण वाचायला बसवलं की पसार! "पोरगी अडाणी राहील," हे आईचं पालुपद. खरं सांगायचं तर धाकधूक मलाही होतीच.

रात्री कपाटातलं 'स्मृतिचित्रे' काढलं. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 चा. शाळा नाहीच. लग्न झालं तेव्हा वय अकराच्या आसपास, म्हणजे आजची पाचवी-सहावीतली मुलगी. लिहा-वाचायला शिकवलं ते नवऱ्याने, कवी नारायण वामन टिळकांनी, घरीच. आणि टिळक पडले लहरी, आज या गावी तर उद्या त्या. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला गेले ते आमच्या गोंदियावरूनच. अशा मास्तरांचं कसलं टाइमटेबल!

रमाबाई रानड्यांचं उलट. 1873 मध्ये लग्न, वय अकराच, अक्षरओळख शून्य. न्यायमूर्तींनी लगेच धडे सुरू केले आणि नेटाने चालवले. घरातल्या बायकांचे टोमणे मात्र चुकले नाहीत. त्यांच्या आठवणींचं पुस्तक 1910 साली आलं. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 चा, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या पासष्टीनंतरचा.

अर्थात दोघींचा उशीर हौसेचा नव्हता. मुलींना शिकवायचंच नाही, हा तेव्हाचा दंडक. त्यामुळे त्या उशिराचं कौतुक मला जमणार नाही. पण लक्ष्मीबाईंचं वाक्य वाचताना कुणी समोर बसून बोलतंय असं वाटतं. अक्षरांच्या कितीतरी आधी कान भरलेला होता म्हणून असेल का? तसं असेल तर आमच्या भाचीकडे भांडवल बक्कळ आहे.

तरी सकाळी ताईला विचारलंच, "थांबणार किती?"

"दिवाळीपर्यंत. तोवर लागली नाही वाचायला तर डोळे तपासू, डॉक्टरांना विचारू. वाट बघते म्हणजे झोपलेय असं नाही रे."

हे पटलं. आईला पटलं नाही. असो.

निघताना भाची स्टेशनवर आली होती. टपरीवरच्या पाटीकडे बराच वेळ टक लावून उभी. मग ओठ हलले. "चा...य. मामा, यानं चहा चुकीचा लिहिलाय!"