तिवई, प्रार्थनाग्रंथ आणि राजाचे शिर

#थ्रेड #इतिहास

१/ २३ जुलै १६३७, रविवार. एडिनबर्गचे सेंट जाइल्स चर्च. डीन जेम्स हॅने यांनी नवा प्रार्थनाग्रंथ उघडून वाचनास प्रारंभ केला आणि समोर बसलेल्या स्त्रियांनी एकच गदारोळ मांडला. आधी टाळ्या व शिव्याशाप, मग बसायच्या तिवयाच हवेत भिरकावल्या गेल्या. जमावाला शांत करू पाहणाऱ्या बिशप लिंडसे यांच्या दिशेनेही एक आली. दंगेखोरांना बाहेर काढले, तर ते दारे ठोठावू लागले व खिडक्यांवर दगड मारू लागले.

२/ पहिली तिवई जेनी गेडिस नामक भाजीवालीने फेकली, ही कथा स्कॉटलंडमध्ये सर्वतोमुखी आहे. समकालीन वृत्तांतांत मात्र तिचे नाव नाही. उद्रेकही सर्वस्वी उत्स्फूर्त नव्हता. काही धर्मोपदेशक व सरदारांनी त्याची आखणी आधीच केली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

३/ प्रार्थनेच्या शब्दांवरून एवढा संताप का?

४/ १६०३ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचा राजा एकच होता. चर्च मात्र दोन. इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च अधिपती राजा. स्कॉटलंडमध्ये अँड्र्यू मेलव्हिल यांनी सहाव्या जेम्स राजाला तोंडावर सुनावले होते, की ख्रिस्ताच्या राज्यात तो राजा नव्हे, केवळ एक सभासद आहे.

५/ जेम्सचा पुत्र पहिला चार्ल्स याला हे द्वैत मान्य नव्हते. दोन्ही राज्यांची उपासना एकसारखी असावी, हा त्याचा व कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम लॉड यांचा आग्रह. स्कॉटिश बिशपांनी लॉड यांच्या सल्ल्याने ग्रंथ सिद्ध केला. पण तो स्कॉटलंडच्या संसदेपुढे आला नाही, चर्चच्या महासभेपुढेही नाही. केवळ राजाज्ञेने तो लागू झाला.

६/ खरी मेख येथेच होती. प्रभुभोजनाच्या विधीत अनेकांना कॅथलिक पंथाची छाया दिसली, हे खरे. परंतु त्या ग्रंथातून ‘आमेन’ म्हणणे म्हणजे उपासना ठरवण्याचा अधिकार राजाचा आहे, हेही मान्य करणे होते. कराचा हुकूम निरक्षर मोलकरणीपर्यंत कदाचित पोहोचतही नसे. प्रार्थनेतला बदल मात्र तिला दर रविवारी स्वतःच्या कानांनी ऐकू येणार होता. ब्रेकिनच्या बिशपांनी तर भरलेली पिस्तुले समोर ठेवून उपासना चालवली, असे सांगतात!

७/ २८ फेब्रुवारी १६३८ रोजी एडिनबर्गच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये ‘नॅशनल कव्हेनंट’ या प्रतिज्ञापत्रावर सह्या सुरू झाल्या. त्यात राजनिष्ठेची ग्वाही होती, आणि राजाने लादलेले धार्मिक बदल न स्वीकारण्याची शपथही. त्याच वर्षाअखेरीस ग्लासगोच्या महासभेने बिशपपदच रद्द केले.

८/ चार्ल्सने शस्त्र उचलले. पण अकरा वर्षे तो इंग्लंडची संसद न बोलावता राज्य करीत होता. युद्धाला पैसा आणणार कोठून? १६४० मध्ये स्कॉटिश सैन्याने न्यूकॅसल घेतले, आणि तहानुसार त्या सैन्याच्या खर्चापोटी दररोज ८५० पौंड देणे इंग्लंडच्या माथी आले. संसद बोलावण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

९/ त्या संसदेशी संघर्ष विकोपाला जाऊन १६४२ मध्ये यादवी पेटली. जानेवारी १६४५ मध्ये संसदेने इंग्लंडचाही प्रार्थनाग्रंथ रद्द केला. त्याच महिन्यात लॉड यांचा शिरच्छेद झाला. ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचा. तिवईमुळे राजा मेला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. आयर्लंडमधील बंड, कर, सैन्यावरील ताबा अशी कारणे पुष्कळ होती. पण संसद बोलावणे अटळ झाले, ते सेंट जाइल्समधून सुरू झालेल्या वादामुळेच.

१०/ १६६० मध्ये राजेशाही परतली. १६६२ च्या इंग्लिश प्रार्थनाग्रंथाला ३० जानेवारीसाठी एक खास उपासना जोडण्यात आली: हुतात्मा राजा चार्ल्सच्या स्मरणार्थ उपवास व प्रार्थना. तीही राजाज्ञेनेच जोडली गेली. ती ग्रंथातून गळाली १८५९ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या काळात.