जागा संपली, लाइन थांबली

रविवार, २७ ऑगस्ट २०२३. जपानमध्ये टोयोटाच्या पार्ट्सच्या ऑर्डरी सांभाळणाऱ्या सर्व्हरवर नेहमीचं मेन्टेनन्स चाललंय. डेटाबेसमध्ये साचलेला डेटा काढायचा, उरलेला नीट लावायचा. भोसरी-चाकणच्या कुठल्याही प्लांटमध्ये आयटीची माणसं सुट्टीच्या दिवशी उरकतात तेच काम. याच कामात डिस्कवरची जागा कमी पडली.

डेटा डिलीट करताना जागा संपते कशी? डेटाबेस रेकॉर्ड पुसण्याआधी त्या बदलाची नोंद लॉगमध्ये लिहितो, म्हणजे पुसणं हेही लिहिणंच. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये डिलीट केलेल्या ओळी जागच्या जागी पडून राहतात, आणि टेबल पूर्ण आवळायचं तर आधी त्याची नवी प्रत मावेल एवढी जागा लागते. खाली फाइल सिस्टीमही उसंत घेते. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर डिस्कवरचं लिहिणं लांबवणारे ‘सॉफ्ट अपडेट्स’ चालू असतील, तर पुसलेल्या फाइलची जागा हिशेबात परत यायला काही सेकंद, कधी मिनिटभर लागतं. लिनक्सवर चालू प्रोग्रामने उघडी धरलेली लॉग फाइल उडवली, तर फाइलींची बेरीज करणाऱ्या ‘डीयू’ कमांडला ती दिसत नाही, पण अख्ख्या डिस्कचा हिशेब देणारी ‘डीएफ’ भरलेली डिस्क शंभर टक्केच दाखवत राहते. प्रोग्राम ती फाइल सोडेपर्यंत एक बाइटही सुटत नाही. जवळजवळ भरलेल्या डिस्कवर साफसफाई काढणं म्हणून सर्वांत धोक्याचं.

सोमवार, २८ ऑगस्ट. ऑर्डरींची सिस्टीम बंद. बॅकअपवर जावं, तर तोही त्याच सिस्टीमवर चालणारा, तिथेही तोच बिघाड. माझ्या मते खरा घात इथे झाला. डिस्क कुणाचीही भरू शकते. पण मूळ सर्व्हरबरोबरच बसणाऱ्या बॅकअपच्या भरवशावर कारखाने चालवणं फार महागात पडतं.

मंगळवार, २९ ऑगस्ट, पहिली पाळी. १२ कारखाने, २५ लाइन बंद. चाकणला फर्स्ट शिफ्टच्या बस अजून निघायच्या आहेत.

दुसरी पाळी. जपानमधले सगळे १४ कारखाने, २८ लाइन थांबल्या. टोयोटाच्या जगभरातल्या उत्पादनाचा सुमारे तिसरा हिस्सा इथे होतो. सायबर हल्ल्याची शंका लगेच निघाली, कारण मार्च २०२२ मध्ये कोजिमा या पुरवठादारावरच्या हल्ल्याने हेच १४ कारखाने एक दिवस बंद पाडले होते. पण लाइन थांबायला ऑर्डरी अडणंही पुरतं: पार्ट लागेल तेव्हाच मागवायचा, शक्यतो साठा करायचा नाही, ही टोयोटाची पद्धत. चाकणचे व्हेंडरही आज त्याच तालावर गाड्या भरतात. ऑर्डरच निघाली नाही, तर काय भरणार?

त्याच दिवशी डेटा जास्त क्षमतेच्या सर्व्हरवर हलवला.

बुधवार, ३० ऑगस्ट. पहिल्या पाळीला १२ कारखाने सुरू, दुसरीला उरलेले दोन.

६ सप्टेंबर. कंपनीने कारण जाहीर केलं: डिस्कमध्ये जागा अपुरी, सायबर हल्ला नव्हे. तीच परिस्थिती पुन्हा उभी करून, तपासून उपाय केल्याचंही सांगितलं.