मैदानावर बोललेली गोष्ट

शाळेच्या फुटबॉल संघात मी राइट बॅक होतो. माझ्या मागे गोलमध्ये जो उभा असायचा, तो यंदाच्या मेळाव्याला नसेल. त्याचे नाव लिहीत नाही. आमच्या तुकडीला ते सांगायला नको. चार वर्षांपूर्वी प्रोस्टेटच्या कर्करोगाने तो गेला. रात्री चार-पाच वेळा उठावे लागते, हे त्याने दीड वर्ष घरीही धड सांगितले नव्हते, असे वहिनी म्हणाल्या. “वय झालं आता,” एवढेच त्याचे म्हणणे.

तो गेल्यावर मी या आजाराविषयी वाचू लागलो आणि वाचता वाचता पुन्हा फुटबॉलपाशीच येऊन पोहोचलो. पुरुषांनी न बोललेली ही गोष्ट इंग्लंडमध्ये मैदानावरून बोलली गेली. त्याचाच हा थोडक्यात इतिहास.

30 जुलै 1966 रोजी वेम्बलीवर पश्चिम जर्मनीला 4-2 असे हरवून इंग्लंडने विश्वचषक जिंकला. राणीच्या हातून चषक घेणारा कर्णधार बॉबी मूर आपल्यापैकी अनेकांनी छायाचित्रात पाहिला आहे. मात्र त्याआधी दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा, 1964 च्या नोव्हेंबरात, वृषणाच्या कर्करोगामुळे त्याची शस्त्रक्रिया झाली होती. वय अवघे तेवीस. बाहेर सांगितले गेले ते जांघेच्या दुखापतीचे. खरी गोष्ट पुढे कितीतरी वर्षे लोकांना कळली नाही. देशाचा सर्वांत धीट बचावपटू, पण हा शब्द उच्चारण्याची तेव्हा सोयच नव्हती. 1993 मध्ये, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, मूर आतड्याच्या कर्करोगाने गेला. त्याच्या पत्नीने, स्टेफनी मूर यांनी, त्याच्या नावाने संशोधनासाठी निधी उभा केला.

दरम्यान वैद्यक पुढे गेले होते. 1970 च्या दशकात सिस्प्लॅटिन हे औषध वापरात आल्यापासून वृषणाचा कर्करोग पसरलेला असला तरी बहुधा बरा होऊ लागला. उपचार होता, अडत होते ते लाजेपाशी. 1997 मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चने खास पुरुषांच्या कर्करोगांसाठी ‘एव्हरीमन’ नावाची मोहीम सुरू केली.

1999 मध्ये सेल्टिकच्या अॅलन स्टब्सचा आजार स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यानंतरच्या उत्तेजक चाचणीत योगायोगाने सापडला. 2001 मध्ये मिलवॉलचा नील हॅरिस आजारी पडला. संघाला वरच्या विभागात नेणारा हा आघाडीवीर लपून राहिला नाही. त्याच्या नावाने ‘एव्हरीमन’साठी निधी जमवण्याची मोहीम उभी राहिली आणि त्याचे चाहते तिच्या मागे उभे राहिले. तो खेळायला परतला. 2009 मध्ये टेडी शेरिंगहॅमचा विक्रम मोडून तो मिलवॉलसाठी सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला.

हे काम फुटबॉलला का साधले? मला वाटते, ते प्रेक्षागारामुळे. वृषणाचा कर्करोग मुख्यतः तरुणांना गाठतो, तर प्रोस्टेटचा पन्नाशीनंतर. सामन्याला मुलगा आणि बाप शेजारी शेजारी बसलेले असतात. दवाखान्याची पायरी न चढणारे हे दोघेही तिथे दर शनिवारी आपल्या पायांनी येतात. ‘प्रोस्टेट कॅन्सर यूके’ या संस्थेने हे नेमके हेरले. संघांचे व्यवस्थापक कोटावर तिचा छोटा माणसाच्या आकाराचा बिल्ला लावू लागले. 2016 च्या मार्चमध्ये दूरदर्शनवरील फुटबॉल निवेदक जेफ स्टेलिंग हार्टलपूलहून वेम्बलीपर्यंत चालत गेले: दहा दिवसांत दहा मॅरेथॉन, वाटेत क्लबामागून क्लब, आणि प्रत्येक ठिकाणी याच आजाराच्या गप्पा व मदतनिधी.

बॉर्शिया डॉर्टमुंडच्या सेबास्टियन हॅलरला जुलै 2022 मध्ये वृषणाचा कर्करोग असल्याचे क्लबने जाहीरच केले. परतल्यावर संघासाठी पहिला गोल त्याने केला तो 4 फेब्रुवारी 2023 रोजी, म्हणजे जागतिक कर्करोग दिनी. पुढच्याच वर्षी आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात आयव्हरी कोस्टचा विजयी गोलही त्याचाच. मूरच्या ‘जांघेच्या दुखापती’पासून इथवर यायला जवळपास साठ वर्षे लागली.

रात्री वारंवार उठावे लागणे हे बहुतेकदा साध्या ग्रंथीवाढीमुळे असते. पण ते ठरवायचे डॉक्टरांनी, आपण नव्हे. आमच्या गोलकीपरने तेवढेच स्वतः ठरवले.

म्हणून या मेळाव्यात रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर माजी विद्यार्थ्यांचा सामना ठेवला आहे. गोलपोस्टपाशी एक डबा असेल. त्यात जमेल ते गरजू कर्करुग्णांच्या उपचारासाठी जाईल. मध्यंतरात आपल्याच तुकडीतला डॉक्टर मित्र पाच मिनिटे बोलणार आहे. सर्व मित्रांना आणि आदरणीय सरांनाही हात जोडून विनंती: तेवढी पाच मिनिटे चहाला जाऊ नका.