कळीचा मुद्दा

जुन्या सिंथेसायझरचं बटण दाबलं, ‘टिक’ असा आवाजही आला, पण पुढे काहीच घडलं नाही. किंवा दाबलं एकदा आणि यंत्राने मोजलं दोनदा. चाळीस वर्षांच्या यंत्रात ही कुरबूर नेहमीची. पण एका बटणाबरोबर किती आवाज गप्प होतात, ते पाहायला थोडं मागे जावं लागेल.

१९७० सालच्या मिनीमूगला स्मृती नव्हती. नॉब फिरवला की आवाज बदलायचा. सापडलेला आवाज उद्या पुन्हा हवा असेल, तर नॉबांच्या जागा कागदावर टिपून ठेवायच्या. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातून आलेल्या प्रॉफेट-५ मध्ये मायक्रोप्रोसेसर होता आणि त्यात ४० आवाज साठवता येत. तिथून बटणाचं काम बदललं. ते आता थेट आवाज बदलत नव्हतं, प्रोसेसरला निरोप देत होतं.

रोलंड या जपानी कंपनीचा जुनो-१०६ आला १९८४ साली. त्यात १२८ आवाज मावतात : दोन गट, प्रत्येकात आठ बँका, प्रत्येक बँकेत आठ आवाज. बँकेचं एक बटण बिघडलं की पॅनेलवरून १६ आवाजांची वाट बंद. आवाज आत शाबूत असतात, फक्त दार उघडत नाही.

बटणाच्या प्लास्टिकखाली असतो इवलासा टॅक्ट स्विच. त्यात धातूची लवचीक चकती असते. ती दबली की दोन संपर्क जुळतात. वर्षानुवर्षांच्या धुळीने आणि गंजाने तो संपर्क कच्चा होतो. चांगला स्विचसुद्धा दाबताना काही मिलिसेकंद थरथरतो. त्यामुळे लगेच विश्वास न ठेवता जरा थांबायचं, हे प्रोग्रॅममध्येच लिहिलेलं असतं. आजही कीबोर्डचा कोड लिहिताना आम्ही हेच करतो. झिजलेल्या स्विचची थरथर मात्र त्या थांबण्याहून लांबते आणि एकाचे दोन मोजले जातात.

दुरुस्तीआधी निदान. एकच बटण मेलं असेल तर संशय स्विचवर. ओळीने अनेक मेली असतील तर आधी वायर आणि सोल्डरचे जोड तपासायचे. क्लीनरचा फवारा बहुधा तात्पुरता उपाय ठरतो. खरा उपाय म्हणजे प्लग काढून, जुनं सोल्डर शोषून घेऊन, त्याच उंचीचा नवा स्विच बसवणं. घाई केली तर बोर्डावरची तांब्याची पट्टीच उखडते.

हा स्विच आजही काही रुपयांत मिळतो, कारण तो कुणा एकाचा नव्हता. याच जुनोमधल्या आवाज घडवणाऱ्या चिप खास बनवून घेतलेल्या, वर राळेचा लेप दिलेल्या. त्या बिघडल्या की साधा बदली भाग दुकानात मिळत नाही. इतरांनी नव्याने घडवलेल्या प्रतिकृती शोधाव्या लागतात. खास भागाने यंत्राला नाव मिळवून दिलं, साध्या भागाने आयुष्य.

१९७२ मध्ये रोलंड स्थापन करणारे इकुतारो काकेहाशी यांनी महायुद्धानंतर, किशोरवयातच, क्यूशूमध्ये घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान काढलं होतं. पुढे त्यांच्या कंपनीची यंत्रं जगभर गेली. चरणजित सिंग यांनी १९८२ साली डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले, तेही रोलंडच्याच यंत्रांवर.

तुमच्या हातातल्या फोनला बटणं दोन-तीनच. चाळीस वर्षांनी त्यातलं एक अडकलं, तर तो उघडता येईल का? त्याच मापाचा भाग तेव्हा मिळेल का? कळीचा मुद्दा तोच आहे.