पलंगाचे सागवान

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड वा बोरिवली येथे नवी सदनिका घेणारे कुटुंब शयनगृह सजवू लागले, की घरातील वडीलधाऱ्यांचा एक शब्द ठरलेला असतो : पलंग सागवानीच हवा. हा हट्ट निराधार आहे असे नाही. सागाच्या गाभ्यात स्वाभाविक तेल असते. त्यामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेस जात नाही, आणि आपल्या पावसाळी हवेतही त्याची फळी फारशी वाकत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी मलबारी सागाची बांधलेली व १८१७ साली पाण्यात लोटलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. परंतु श्रोतेहो, सागवान टिकते किती याची चौकशी सगळेच करतात. ते येते कोठून, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. आज मला बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या गोष्टीविषयी.

आपल्या भाषेत या गोष्टीचा विचार झालेला आढळतो तो रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील हा राजनीतिग्रंथ. आरमारास थोर लाकूड लागते हे अमात्य जाणतात. त्यासाठी अरण्यातील साग हुजूरच्या परवानगीने तोडावा, अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे, असे ते सांगतात. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे. पण त्यास हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होणारी नव्हेत, आणि रयतेने ती पोटच्या पोरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले, तरच धन्यास राजी करून व मोल देऊन ते घ्यावे. झाड किती वर्षांत होते आणि ते कोणाचे आहे, या दोन गोष्टी तोडणाऱ्याने आधी पाहाव्यात, असा हा दंडक आहे. परमुलखातून आणलेल्या लाकडाच्या बाबतीत तेथील रयतेचे काय, हे मात्र अमात्यांनी सांगितलेले नाही. त्या काळी ते कोण सांगणार?

हा सुटलेला प्रश्न पुढे ब्रह्मदेशात उभा राहिला. जहाजांपाठोपाठ लोहमार्गाच्या स्लीपरांसाठी लाकडाची मागणी वाढत गेली. मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. गिब्सन यांस जंगलांचे संरक्षक नेमण्यात आले, आणि १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही गाडी सुरू झाली. पुढे १८६३ साली मुंबईत ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही कंपनी स्थापन झाली, व तिने ब्रह्मी राजाच्या मुलखातील सागाचे मक्ते घेतले. तेथील तोडीची रीत मोठी धीराची. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून बुंध्याभोवती साल व वरचे लाकूड वर्तुळाकार छेदून झाड उभेच वाळू देत, आणि दोन-तीन वर्षांनी ते पाडीत. मग हत्तींनी ओढलेले ओंडके नदीच्या प्रवाहाने रंगूनकडे निघत. कंपनीने मोल भरल्यापेक्षा अधिक ओंडके नेले, असा आरोप ठेवून थिबा राजाच्या दरबाराने १८८५ साली तिला सुमारे २३ लक्ष रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना फ्रेंचांच्या हालचालींचाही धाक होता; दंडाचे निमित्त त्यांस पुरले. नोव्हेंबरात युद्ध झाले, १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश खालसा झाला, आणि राजा थिबा आपल्या रत्नागिरीस बंदिवान म्हणून आला. १९१६ साली तेथेच त्याने देह ठेवला. थिबा राजवाडा पाहावयास आपण सहली नेतो. पण आपल्या आजोबांच्या पलंगाशी त्या राजवाड्याचे काही नाते असू शकेल, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी येते.

दुकानदार आजही ‘बर्मा टीक’ हे शब्द मोठ्या अभिमानाने उच्चारतो. वस्तुतः म्यानमारने २०१४ साली न कापलेल्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर तेथील सरकारी लाकूड-महामंडळावर अमेरिकेने व युरोपीय संघाने निर्बंध घातले. तेव्हा हे नाव ऐकताच माल केव्हाचा व कोणत्या कागदांवर आला, हे विचारणे आपले कामच आहे. शिसवाचा मोह असेल, तर त्या कुळातील सर्व वृक्षांचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून नियंत्रणाखाली आहे, हेही ठाऊक असावे.

माझे मत विचाराल तर पहिली पसंती जुन्या सागाला. उपनगरांतील जुनी घरे पाडली जात असता त्यांच्या तुळया व दारे बाजारात येतात. जोगेश्वरीच्या ओशिवरा भागात जुन्या लाकडी सामानाची दुकाने आहेत. खिळ्यांची भोके दिसतील, दिसू द्यावीत! नवेच हवे असेल, तर लागवडीचा साग घ्यावा. ही लागवड मलबारात निलंबूर येथे १८४० नंतरच्या दशकात सुरू झाली. स्वस्ताईसाठी रबराचे लाकूडही वाईट नव्हे. चीक आटलेले झाड पंचवीस-तीस वर्षांनी तसेही तोडावे लागते. मात्र औषधी प्रक्रिया नीट झाली नसेल, तर त्यास कीड व बुरशी लवकर लागते. महाराष्ट्रात खाजगी जमिनीवरील साग तोडण्यासही १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. त्या कायद्याच्या यादीत सागाबरोबर आंबा आणि फणसही आहेत; अमात्यांस हे वाचून समाधान वाटले असते.

पलंग पसंत करताना फळीची मागील बाजू अवश्य पाहावी. सागाचा टिकाऊपणा सोनेरी-तपकिरी गाभ्यात असतो; कडेच्या पांढुरक्या लाकडास वाळवी सोडीत नाही. एकदा गडद पॉलिश चढले, की हा भेद डोळ्यांस कळत नाही. म्हणून पॉलिशापूर्वीच सुताराच्या कारखान्यात एक फेरी मारावी.